चार वर्षांचा गाळ आणि एका दुपारची सफाई

हे प्रकरण एका घरगुती मत्स्यपेटीचे आहे. पेटी ९० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि तितकीच उंच. खडी, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा जाता तिच्यात सुमारे १४५ लिटर पाणी होते. चार वर्षांपूर्वी ती मांडताना तळाशी ३ ते ४ मिलिमीटरची गुळगुळीत खडी पसरली होती, पुढच्या काचेशी ७ सेंटिमीटर आणि मागे ९ सेंटिमीटर जाडीने. मासे एकूण १९ होते: ३ एंजल, १० विडो टेट्रा आणि ६ कोरीडोरास. मागे व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीची रांग, डावीकडे क्रिप्टोकोरीन या दुसऱ्या पाणवनस्पतीचा दाट पुंजका, मधोमध एक जड लाकूड आणि काठावर टांगलेला फिल्टर असा सारा संसार होता.

पेटी सांभाळणारे गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत आणि ते निष्काळजी मुळीच नाहीत. दर पंधरवड्याला ३० लिटर पाणी ते न चुकता बदलत, फिल्टरचा स्पंज पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने पिळत आणि चाचण्यांचे आकडे एका वहीत लिहून ठेवत. तळाला मात्र त्यांनी चार वर्षांत हात लावला नव्हता. “तळ हलवला की चांगले जिवाणू मरतात, असं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,” असे ते नंतर मला म्हणाले. ही समजूत सर्रास आढळते आणि ती अर्धीच खरी आहे. कुजण्यातून सुटणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव खड्यांच्या पृष्ठभागाला चिकट थर करून घट्ट धरून बसलेले असतात. सायफनने, म्हणजे पाणी आणि गाळ ओढून घेणाऱ्या रुंद तोंडाच्या नळीने, खडी उचलून घोळली की मधला सैल गाळ निघून जातो, हा थर सहसा निघत नाही. शिवाय या जिवांना ऑक्सिजन लागतो, म्हणून त्यांची वस्ती मुख्यतः वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये आणि फिल्टरमध्ये असते. गाळाने बुजलेल्या खोल थरात त्यांचे फारसे काही चालत नाही. त्या थराला न शिवल्याने जिवाणू वाचले असे म्हणावे, तर तेथे वाचवण्याजोगे फारसे कोणी नव्हतेच.

तळात किती गाळ मावतो, याची कल्पना बहुतेकांना नसते. या पेटीतील खडीची सरासरी जाडी ८ सेंटिमीटर धरली तर तिचे आकारमान ३२ लिटर भरते. खड्यांमधील पोकळी एकूण आकारमानाच्या ३५ ते ४० टक्के असते, म्हणजे ११ ते १३ लिटर. माशांची विष्ठा, न खाल्लेले दाणे आणि कुजलेली पाने यांच्यासाठी चार वर्षे एवढी जागा मोकळी होती. वरून पाहिले तर खडी स्वच्छ दिसत होती, कारण गाळ खाली उतरला होता.

खुणा मात्र दिसत होत्या. पुढच्या काचेशी खडीच्या मधोमध बोटभर रुंदीचा काळा पट्टा उमटला होता. कोरीडोरासच्या मिशा आखूड झाल्या होत्या, एकीच्या तर जवळजवळ मुळापर्यंत झिजल्या होत्या. हे मासे दिवसभर तोंड तळात खुपसून अन्न शोधतात; सडक्या गाळात सतत वावरल्याने मिशांना जिवाणूंचा संसर्ग होतो आणि खडी टोकदार असेल तर त्रास आणखी वाढतो. येथे खडी गुळगुळीत होती, म्हणून मी दोष गाळालाच देतो.

वहीतील आकडेही हेच सांगत होते. सफाईच्या आदल्या आठवड्यातील नोंदीनुसार नायट्रेट लिटरमागे ८० मिलिग्रॅम, पीएच (७ च्या जितका खाली तितके पाणी आंबट) ६.४ आणि केएच, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, २ अंश होते. त्यांच्या नळाच्या पाण्याचा पीएच ७.८ आणि केएच ९ अंश होता. हा फरक कुठून आला, याचा हिशेब मांडता येतो. ८० मिलिग्रॅम नायट्रेटमध्ये १८ मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. अमोनियातील प्रत्येक मिलिग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट होताना ७.१४ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी आम्ल पचवण्याची ताकद खर्ची पडते. १८ मिलिग्रॅमसाठी हा खर्च सुमारे १२९ मिलिग्रॅम होतो, आणि एक अंश म्हणजे सुमारे १८ मिलिग्रॅम या दराने तो ७ अंशांच्या थोडा वर जातो. नळाच्या ९ अंशांतून ७ गेले, २ उरले. रंग जुळवून वाचलेले आकडे ढोबळ असतात हे मान्य करूनही हा हिशेब इतका नेमका जुळतो, की पाण्याचा पीएच कोणी खाली आणला हे वेगळे शोधायची गरज उरत नाही. गाळ कुजत होता, अमोनिया सुटत होता आणि त्याचे नायट्रेट करता करता पाणी आंबट होत चालले होते.

मिशा झिजलेल्या पाहून त्यांनी एका रविवारी दुपारी तळ साफ करायला घेतला. निदान बरोबर होते आणि निर्णयही बरोबर होता. पुढे जे घडले, त्यातील प्रत्येक पाऊल आधीच्या पावलामुळे टाकावे लागले, म्हणून तो क्रम मी तपशिलाने देतो. सायफनच्या नळीतून अपेक्षेपेक्षा फार काळे पाणी आले, तेव्हा त्यांनी लाकूड उचलून बाजूला ठेवले आणि “आता केलंच आहे तर पुरतं करू” म्हणून सारी खडी हाताने तळापर्यंत चाळवली. त्यामुळे वरचा जिवंत थर खाली गाडला गेला आणि खालचा कुजका थर वर आला. पाणी इतके गढूळ झाले की मासे दिसेनासे झाले. ते गढूळ पाणी ओढून फिल्टरचा स्पंज तासाभरात बुजला आणि प्रवाह थांबला. घाईत त्यांनी स्पंज आणि आतील मडक्याच्या कपच्यांसारखी सच्छिद्र भर थेट नळाखाली धरून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतली. नळाच्या पाण्यात जिवाणू मारणारे क्लोरीन होते. गढूळपणा जावा म्हणून एकंदर १०० लिटर, म्हणजे जवळजवळ ७० टक्के पाणी बदलले गेले. नव्या पाण्यात क्लोरीन काढणारे द्रावण घालायला ते विसरले नाहीत, पण फिल्टर धुताना ते द्रावण कोणाच्याच डोक्यात आले नव्हते.

संध्याकाळी पेटी काचेसारखी लखलखीत दिसत होती. सोमवारी सकाळी तीन टेट्रा आणि एक कोरीडोरास मेलेले आढळले. एंजल पृष्ठभागाशी तोंड लावून उभे होते, कल्ले भराभर हलत होते, आणि उरलेल्या कोरीडोरास दर मिनिटा-दोन मिनिटांनी तळातून सुळकन वर येऊन हवेचा घोट घेत होत्या. कोरीडोरास आतड्यातून हवेतील ऑक्सिजन घेऊ शकते आणि अधूनमधून वर येणे तिच्या स्वभावातच आहे. पण दर मिनिटाला येऊ लागली तर पाण्यात काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

मी संध्याकाळी पोहोचलो तेव्हा पीएच ७.६, केएच ७ आणि एकूण अमोनिया लिटरमागे १ मिलिग्रॅम होता. एक मिलिग्रॅम हा आकडा एरवीही चांगला नाही, परंतु येथे पीएचने तो घातक केला. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो: अमोनियम हे रूप त्या मानाने निरुपद्रवी आणि मुक्त अमोनिया हे विषारी. २५ अंश सेल्सिअसला पीएच ६.४ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.१५ टक्के भाग विषारी रूपात असतो, पीएच ७.६ ला तो सव्वादोन टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे पाण्यातील एकूण अमोनिया तेवढाच राहिला, तरी केवळ पीएच चढल्याने विष पंधरापट होते. येथे तर बुजलेल्या थरात साठून राहिलेले अमोनियमही त्याच दुपारी ढवळून वर आले होते. आंबट झालेल्या जुन्या पेटीत एकदम मोठा पाणीबदल का करू नये, याचे याहून स्पष्ट उदाहरण मी पाहिलेले नाही. पहिल्या रात्रीचे मृत्यू मात्र एकट्या अमोनियावर टाकणे मला पटत नाही. ढवळलेला सेंद्रिय गाळ कुजताना ऑक्सिजन खातो, रात्री वनस्पतीही ऑक्सिजन घेतातच, आणि दोन-तीन तासांत पीएच व केएच इतके बदलणे हा माशांच्या शरीराला स्वतंत्र धक्का असतो. हे तिन्ही एकाच रात्री एकत्र आले.

लाकूड उचलले तेव्हा सडक्या अंड्यांसारखा वास आल्याचे त्यांनी सांगितले आणि सारा दोष त्या वायूचाच असावा, अशी त्यांची समजूत झाली होती. तो हायड्रोजन सल्फाइडचा वास होता यात शंका नाही; जेथे ऑक्सिजन पोहोचत नाही तेथे सल्फेटवर जगणारे जिवाणू हा वायू तयार करतात, आणि काचेशी दिसणारा काळा रंग बहुधा लोहाच्या सल्फाइडचा असतो. हा वायू विषारी आहे, पण भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यात तो लवकर नाहीसा होतो आणि त्याचा मारा असता तर मासे सफाई चालू असतानाच कोलमडले असते. ते कोलमडले रात्रीतून. म्हणून मी तो मुख्य आरोपी धरला नाही. काळा पट्टा दिसला की घाबरून सारा तळ उपसू नये, हे सांगण्यासाठी एवढा विस्तार केला.

सर्वांत मोठी चूक कोणती, असे मला विचारले तर मी फिल्टरकडे बोट दाखवतो. नुसता तळ ढवळला असता आणि फिल्टर शाबूत असता, तर वर आलेला अमोनिया त्याने दोन-तीन दिवसांत पचवला असता. तळ आणि फिल्टर हे एकाच कामाचे दोन भागीदार आहेत; एकाची दुरुस्ती चालू असताना दुसऱ्याने दुकान सांभाळायचे असते. त्या दुपारी दोघेही एकदम बंद पडले.

सोमवारी रात्रीपासून उपाय सुरू केले. खाणे दोन दिवस पूर्ण बंद ठेवले, कारण पोटात जाईल ते अमोनिया होऊनच बाहेर येणार. हवेचा पंप लावून पृष्ठभाग सतत हलता ठेवला. रोज ३० टक्के पाणी बदलले, तेही क्लोरीन काढून, पेटीच्या तापमानाला आणून आणि संथपणे ओतून. माझ्या घरच्या पेटीतील फिल्टरचा एक जुना स्पंज ओल्या पिशवीत घालून नेला आणि त्यांच्या फिल्टरमध्ये ठेवला. निरोगी, रोगराई नसलेल्या पेटीतील वापरात असलेला स्पंज मिळत असेल तर यासारखा दुसरा उपाय नाही. त्यावरचे सूक्ष्मजीव दुसऱ्या दिवसापासून कामाला लागतात.

अमोनिया बुधवारपर्यंत १ ते १.५ मिलिग्रॅममध्ये घोटाळत राहिला आणि मग उतरू लागला. गुरुवारी नायट्राइट दिसले आणि पुढच्या रविवारी ते लिटरमागे २ मिलिग्रॅमवर पोहोचले. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरून रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करते, मग पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. त्यावर मिठाचा उपयोग होतो, कारण मिठातील क्लोराइड कल्ल्यांतून आत शिरण्याची नायट्राइटची वाट अडवते. येथे बरेच जण मूठभर मीठ टाकतात. त्याची गरज नसते आणि झाडांना ते मानवत नाही. नायट्राइटच्या दहापट क्लोराइड पुरते. २ मिलिग्रॅम नायट्राइटसाठी लिटरला २० मिलिग्रॅम क्लोराइड, म्हणजे सुमारे ३३ मिलिग्रॅम मीठ, आणि १४५ लिटरला अवघे ५ ग्रॅम. एक लहान चमचा. ते वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू ओतले आणि पुढे पाणी बदलताना जेवढे मीठ बाहेर गेले तेवढेच पुन्हा घातले. त्या आठवड्यात आणखी दोन टेट्रा गेले. पंधराव्या दिवशी नायट्राइट शून्यावर आले. १९ पैकी १३ मासे वाचले.

तळाचे खरे काम यानंतर सुरू झाले. तो साफ तर राहायला हवा, पण तीच दुपार पुन्हा यायला नको. किती भाग एका वेळी करावा, याचे उत्तर पाण्यानेच दिले. त्यांच्या सायफनच्या रुंद नळीचा व्यास ५ सेंटिमीटर आहे, म्हणजे ती एका वेळी सुमारे २० चौरस सेंटिमीटर तळ साफ करते. पेटीचा तळ ४०५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे अशा २०० जागा. नळीतून मिनिटाला ४ लिटर पाणी जाते. ३० लिटर जायला साडेसात मिनिटे लागतात आणि एका जागेला १५ ते २० सेकंद दिले तर तेवढ्यात २५ जागा होतात. दोनशेतल्या पंचवीस, म्हणजे अष्टमांश. दर आठवड्याला ३० लिटर पाणी बदलायचे आणि तेवढ्यात होईल तेवढाच तळ करायचा, असे ठरवले की दोन महिन्यांत एक फेरी पुरी होते आणि कोणत्याही दिवशी सात अष्टमांश तळ शांत राहतो. काचेवर बाहेरून खडूने आठ खुणा केल्या. फिल्टरचा स्पंज तळाच्या सफाईनंतर किमान एक आठवडा धुवायचा नाही आणि धुवायचा तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच, हा दुसरा नियम.

नळी चालवण्याची रीत शब्दांत सांगणे अवघड नाही, पण हात बसायला दोन-तीन आठवडे जातात. प्रथम हीटर आणि फिल्टरचे बटण बंद करावे, कारण पाणी उतरल्यावर उघडा पडलेला हीटर तडकतो. नळी तोंडाने ओढून सुरू करू नये. रुंद तोंड पाण्यात चार-पाच वेळा वरखाली केले की प्रवाह चालू होतो. हातावर ओरखडा किंवा जखम असेल तर लांब हातमोजा घालावा, कारण पेटीच्या पाण्यात त्वचेला चिवट संसर्ग करणारे जिवाणू असू शकतात. मग नळी खडीत सरळ उभी खुपसावी. खडे नळीत उचलले जातात, एकमेकांवर आपटत घोळतात आणि त्यांच्यामधून तपकिरी भुगा धुरासारखा वर निघून जातो. खडे अर्ध्या उंचीवर आले की दुसऱ्या हाताने मागची बारीक नळी चिमटावी; प्रवाह थांबताच खडे खळखळत खाली बसतात. चिमटा सोडावा, पुन्हा घोळवावे. नळीतले पाणी फिकट झाले की नळी उचलून शेजारच्या जागी रोवावी. नळी खडीत तिरकी ओढत नेली तर गाळ बाहेर उधळतो, आणि पेटी गढूळ होण्याचे नेहमीचे कारण हेच असते.

जाडी कमी करणेही गरजेचे होते. केवळ खडी असलेल्या तळाला ४ सेंटिमीटर पुरे. दर आठवड्याला ज्या भागाची सफाई झाली, त्यातून प्लास्टिकच्या पेल्याने सुमारे दोन लिटर खडी काढली आणि आठ आठवड्यांत १६ लिटर बाहेर आली. झाडांखालचा भाग मात्र तसाच जाड ठेवला. व्हॅलिस्नेरियाच्या मुळांतून थोडा ऑक्सिजन तळात उतरतो आणि मुळे गाळातील अमोनियम शोषून घेतात, म्हणून तेथे नळी रोवायची नाही, नुसती पृष्ठभागावरून फिरवायची. क्रिप्टोकोरीनने तर त्या रविवारची किंमत मोजलीच होती: मुळे हलल्याने आठवड्याभरात तिची सारी पाने वितळून गेली. ती मेली असे समजून उपटायला निघालेल्या गृहस्थांना मी थांबवले. दीड महिन्याने त्याच जागी नवी पाने फुटली.

कोरीडोरासांसाठी पुढच्या उजव्या बाजूला ३० बाय २५ सेंटिमीटरच्या जागेत चपट्या दगडांची कड लावून आत ३ सेंटिमीटर बारीक, गोल कणांची वाळू घातली. कड नसेल तर वाळू हळूहळू खड्यांच्या फटींतून खाली झिरपते आणि खडी वर तरंगल्यासारखी उरते. वाळूत नळी रोवत नाहीत. ती सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर धरून गोल फिरवली की वर साचलेला हलका मळ उचलला जातो आणि वाळू जागेवर राहते. वाळू दाबली जाऊ नये म्हणून महिन्यातून एकदा बोटांनी वरवर चाळवली जाते.

खाण्याची चूक सफाईच्या तिसऱ्या फेरीत सापडली. आठ भागांपैकी उजव्या मागच्या भागातील बादली दरवेळी सर्वांत काळी निघे. रोज त्याच कोपऱ्यात दाणे पडत होते, आणि लाकडाच्या आडोशामुळे फिल्टरचा प्रवाह तेथे पोहोचतच नव्हता. दाण्यांचे प्रमाण निम्मे केले, टाकण्याची जागा पुढे आणली आणि फिल्टरचे तोंड थोडे वळवले.

आठ महिन्यांनंतरची स्थिती अशी आहे. नायट्रेट २५ ते ३० मिलिग्रॅममध्ये, केएच ६ ते ७, पीएच ७.४. पाच कोरीडोरासांपैकी चौघींच्या मिशा पुन्हा वाढल्या आहेत. जिच्या मुळापर्यंत झिजल्या होत्या तिच्या वाढलेल्या नाहीत, पण ती वाळूत इतरांबरोबर तोंड खुपसून चरते. लाकडाखालचा तळ त्या रविवारनंतर पुन्हा उघडलेला नाही आणि तेथे काचेशी बोटाच्या पेरभर काळी रेघ परत उमटली आहे. या फेरीत लाकडाचे एक टोक तेवढे उचलून त्याखालचा वीतभर भाग करायचा आणि दुसरे टोक पुढच्या फेरीसाठी ठेवायचे, असे आम्ही ठरवले आहे.